दोन मीटरवरून गांधीलमाशी

एका तालुक्याच्या गावच्या माध्यमिक शाळेत आम्ही दोघे-तिघे अधूनमधून जातो. प्रयोगशाळेतली उपकरणं दुरुस्त करणं, शिक्षकांबरोबर एखादा प्रयोग उभा करणं, असं काम असतं. एका ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा आठवीच्या वर्गाबाहेर गर्दी जमलेली होती. व्हरांड्यातल्या खिडकीच्या वर, भिंतीला चिकटून गांधीलमाश्यांचं एक पोळं होतं. तळहातापेक्षा थोडं लहान, करड्या कागदासारखं. त्याची सहाकोनी घरं खाली नव्हे तर समोर, व्हरांड्याकडे उघडत होती. शिपाईमामा काठीला चिंध्या गुंडाळून पलिता तयार करत होते आणि विज्ञानाच्या बाई मुख्याध्यापकांना विनवत होत्या, "सर, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तरी राहू द्या. मुलांना दाखवायचं आहे."

सरांचा प्रश्न रास्त होता. "बाई, दाखवणार कसं? जवळ गेलं तर चावतील, लांबून काही दिसत नाही."

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही काय काय केलं त्याबद्दल आहे. शाळेत दोन प्रकारची प्रकाशीय उपकरणं आपल्याला ठाऊक असतात. दूरच्या मोठ्या गोष्टी पाहायला दुर्बीण आणि जवळच्या लहान गोष्टी पाहायला सूक्ष्मदर्शक. आम्हाला हवं होतं ते या दोन्हींच्या मधलं : लहान गोष्ट, पण लांबून पाहायची. सूक्ष्मदर्शक इथे बाद होतो, कारण त्याचं वस्तुभिंग वस्तूच्या अगदी जवळ न्यावं लागतं. लेव्हेनहूकच्या मणीवजा भिंगांच्या बाबतीत तर हे अंतर मिलिमीटरच्या आसपास होतं. जिवंत गांधीलमाशी एवढ्या जवळ कोणाला येऊ देईल? बाजारातली साधी दुर्बीण घेतली तर ती सहसा काही मीटरच्या अलीकडे स्पष्ट दाखवत नाही. ती का दाखवत नाही हे कळलं, की आपलं उपकरण कसं करायचं तेही कळतं.

साध्या खगोलीय दुर्बिणीत दोन बहिर्वक्र भिंगं असतात. (ही जुळणी केप्लरने १६११ साली आपल्या पुस्तकात सुचवली.) पुढचं वस्तुभिंग वस्तूची लहानशी, उलटी, वास्तव प्रतिमा नळीच्या आत तयार करतं. मागची नेत्रिका म्हणजे एक हातभिंगच. त्यातून आपण ती प्रतिमा मोठी करून पाहतो. वस्तू फार दूर असेल तर ही प्रतिमा वस्तुभिंगाच्या नाभीवर पडते. वस्तू जवळ येऊ लागली की प्रतिमा मागे सरकते, आणि नेत्रिकाही तिच्यामागोमाग मागे न्यावी लागते. बाजारातल्या दुर्बिणीत नेत्रिका जेमतेम थोडे मिलिमीटर सरकू शकते. तिची अडचण एवढीच आहे.

प्रतिमा किती मागे सरकते याचा हिशोब पाठ्यपुस्तकातल्या भिंगाच्या सूत्राने निघतो; पण मुलांना तो आम्ही चष्म्याच्या नंबरांच्या भाषेत सांगतो, तो लवकर पटतो. १ मीटर नाभीय अंतराच्या भिंगाची शक्ती १ डायॉप्टर, अर्ध्या मीटरची २ डायॉप्टर. २ मीटरवरच्या वस्तूकडून येणारा प्रकाश भिंगापाशी पोचतो तेव्हा तो पसरत असतो आणि तो पसरणं थांबवायलाच अर्धा डायॉप्टर खर्ची पडतो. भिंग २ डायॉप्टरचं असेल तर प्रकाश एकत्र आणायला उरतात दीड डायॉप्टर. मग प्रतिमा पडते १ भागिले १.५, म्हणजे ६७ सेंटिमीटरवर. वस्तू १ मीटरवर आणली तर १ डायॉप्टर खर्च, १ शिल्लक, प्रतिमा १ मीटरवर. ४ मीटरवर असेल तर पाव डायॉप्टर खर्च, पावणेदोन शिल्लक, प्रतिमा ५७ सेंटिमीटरवर. ज्यांना चिन्हसंकेतांचा घोळ नकोसा वाटतो त्यांनी ही रीत वापरून पाहावी.

म्हणजे दुर्बीण तीच, फक्त नळी लांब करायची. ही युक्ती जुनीच आहे. १६१४ साली जाँ तार्द नावाचा एक फ्रेंच धर्मगुरू फ्लॉरेन्समध्ये गॅलिलिओला भेटला. ताऱ्यांसाठीची नळी दोन फुटांची पुरते, पण अगदी जवळच्या बारीक वस्तू पाहायच्या तर ती दुप्पट-तिप्पट लांब करावी लागते, आणि अशा लांब नळीतून माशी कोकराएवढी दिसते, तिच्या अंगावरचे केस आणि टोकदार नख्याही दिसतात, असं गॅलिलिओने त्याला सांगितल्याची नोंद तार्दने करून ठेवली आहे. गॅलिलिओची नेत्रिका अंतर्वक्र होती, केप्लरसारखी बहिर्वक्र नव्हे. पण नळी लांबवण्यामागचं कारण एकच. सूक्ष्मदर्शकाची सुरुवात अशी दुर्बिणीच्या पोटातून झाली, ही गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे.

आता आमची नळी. चष्म्याच्या दुकानात फ्रेमच्या मापाने कापण्याआधीची गोल भिंगं असतात. त्यांचा व्यास ६५ ते ७० मिलिमीटर असतो. अधिक २ नंबरचं असं एक भिंग आणलं. दुकानदाराला 'वाचायच्या चष्म्याचं, अधिक दोन, न कापलेलं, सिलिंडर नसलेलं' एवढं सांगितलं की पुरतं. नेत्रिकेसाठी ५ सेंटिमीटर नाभीय अंतराचं काहीतरी हवं. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग चालेल. आम्ही रीळवाल्या जुन्या कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची लेन्स वापरली. असे कॅमेरे आता कपाटांतून पडून असतात आणि त्यांची भिंगं फार चांगली असतात. नळीसाठी नळकामाच्या दुकानातला पीव्हीसी पाइप, एक ७५ आणि एक ६३ मिलिमीटर बाह्यव्यासाचा, प्रत्येकी ५५ सेंटिमीटर लांब. लहान पाइप मोठ्यात सैल बसतो, म्हणून त्यावर दोन ठिकाणी जुन्या मखमलीच्या पट्ट्या चिकटवल्या. आता तो सरकतो, पण आपोआप घसरत नाही. दोन्ही पाइप आतून फळ्याला लावायच्या काळ्या रंगाने रंगवले. हा रंग शाळेत असतोच आणि तो चमकत नाही, हा त्याचा मोठा गुण. चकाकणारा काळा रंग लावला तर नळीच्या भिंतींवरून प्रकाश परावर्तित होऊन प्रतिमेवर धुकं पसरतं. पुढच्या टोकाला भिंग, त्याची फुगीर बाजू वस्तूकडे. मागच्या टोकाला पुठ्ठ्याच्या कड्यात नेत्रिका. नळी ९० सेंटिमीटरपर्यंत ताणली तरी दोन पाइप २० सेंटिमीटर एकमेकांत राहतात. त्यामुळे सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत कोणत्याही अंतरावर ती लावता येते.

पोळ्यापासून २ मीटरवर बाक ठेवला, बाकावर वाळूची पिशवी, तिच्यावर नळी. अंदाजाने ७२ सेंटिमीटर लांबी केली (६७ अधिक नेत्रिकेचे ५) आणि पहिल्या मुलीला बोलावलं. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, इंद्रधनुष्य दिसतंय."

तिचं म्हणणं खरं होतं. दिसत होता तो रंगीत कडांचा एक धूसर गोळा. गांधीलमाशी त्यात कुठेतरी होती इतकंच म्हणता येईल. आमच्यासारख्या, कागदावर डायॉप्टर मांडून निर्धास्त झालेल्या माणसांची तीस-चाळीस मुलांसमोर चांगलीच फजिती झाली.

दोष एकाच भिंगाचा होता. काच निळ्या प्रकाशाला लाल प्रकाशापेक्षा अधिक वळवते, म्हणून प्रत्येक रंगाची नाभी वेगळ्या जागी पडते. याला वर्णीय विपथन म्हणतात. चष्म्याच्या साध्या काचेत लाल आणि निळ्या रंगांच्या नाभीय अंतरांत सुमारे साठाव्या हिश्शाचा फरक असतो. आमच्या ५० सेंटिमीटरच्या भिंगात हे सुमारे ८ मिलिमीटर झाले. वस्तू २ मीटरवर असताना प्रतिमा आणखी मागे जाते आणि फरकही वाढतो : लाल आणि निळ्या प्रतिमांमध्ये दीड सेंटिमीटरचं अंतर पडतं. नेत्रिका कुठेही ठेवा, एका रंगाची प्रतिमा स्पष्ट आणि बाकीच्यांची पसरट दिसणार. चष्म्यात हा दोष का जाणवत नाही? कारण डोळ्याची बाहुली तीन-चार मिलिमीटरची असते आणि ती एका वेळी भिंगाचा तेवढाच भाग वापरते. आम्ही मात्र ६५ मिलिमीटरचं अख्खं भिंग उघडं टाकलं होतं.

उपाय याच उत्तरात आहे. भिंगाचा मधला थोडाच भाग वापरला तर किरणांचे शंकू निमुळते होतात आणि नाभीपासून पुढेमागे गेल्यावरही फार पसरत नाहीत. मुलांनी काळ्या पुठ्ठ्याच्या चार चकत्या कापल्या, मधोमध १०, १५, २० आणि ३० मिलिमीटरची भोकं असलेल्या. एकेक चकती भिंगापुढे लावून समोरच्या भिंतीवर टांगलेला आलेखाचा कागद पाहायचा आणि मिलिमीटरच्या रेघा कोणत्या चकतीतून सर्वांत स्वच्छ दिसतात ते मत द्यायचं. ३० चं भोक नापास झालं. २० आणि १५ मध्ये चुरस झाली आणि १५ जिंकलं. १० मध्ये रंग जवळजवळ गेले, पण चित्र अंधुक झालं.

बारीक भोकाची किंमत दोन नाण्यांत मोजावी लागते. पहिलं नाणं उजेड. ६५ ऐवजी १५ मिलिमीटर व्यास म्हणजे भिंगातून आत येणारा प्रकाश जवळपास एकोणीसपट कमी. दुसरं अधिक मूलभूत आहे. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे कोणत्याही भोकातून जाताना तो थोडासा पसरतो. याला विवर्तन म्हणतात. भोक जितकं लहान, तितका पसारा जास्त. १५ मिलिमीटरच्या भोकातून २ मीटरवर पाहताना ०.०९ मिलिमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसूच शकत नाहीत, भिंग कितीही निर्दोष असलं तरी. नुसत्या चांगल्या डोळ्याला २ मीटरवर ही मर्यादा ०.६ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे बारकावे पाहण्यात आपली नळी डोळ्यापेक्षा जास्तीत जास्त साडेसहा पट सरस. उरलेले रंगदोष धरले तर चार-पाच पट म्हणावं.

आणि विशालन? ते प्रतिमेचं अंतर भागिले नेत्रिकेचं नाभीय अंतर, म्हणजे ६७ भागिले ५, १३ पटींहून थोडं अधिक. पोळं १५ सेंटिमीटरवर डोळ्यांपुढे धरल्याइतकं मोठं दिसतं. पण १३ पट मोठं दिसतं म्हणून १३ पट अधिक बारकावे दिसतात असं नाही. वर्तमानपत्रातला फोटो हातभिंगाने पाहिला तर ठिपके मोठे होतात, चेहरा अधिक स्पष्ट होत नाही. तसंच हे. दुर्बिणी विकणाऱ्यांच्या जाहिरातीत विशालनाचे आकडे ठळक छापतात आणि भिंगाचा व्यास बारीक अक्षरांत. आमच्या मते शाळेने दुर्बीण घेताना उलट वाचावं.

या टप्प्यावर चित्र बऱ्यापैकी झालं होतं, तरी निम्म्या मुलांना काहीच दिसत नव्हतं. कारण शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. सगळी मुलं डोळा नेत्रिकेला चिकटवत होती. वस्तुभिंगातून आलेला सारा प्रकाश नेत्रिकेच्या मागे एका छोट्या तेजस्वी वर्तुळातून बाहेर पडतो आणि डोळ्याची बाहुली तिथेच असावी लागते. नेत्रिका ५ सेंटिमीटरची असल्यामुळे आमच्या नळीत हे वर्तुळ नेत्रिकेच्या मागे सुमारे ५ सेंटिमीटरवर येतं. नळी उजळ आकाशाकडे (सूर्याकडे नव्हे) करून नेत्रिकेमागे पारदर्शीसा पातळ कागद मागेपुढे करा. १ मिलिमीटरभर व्यासाचा एक रेखीव ठिपका सापडेल. तोच तो. मुलांनी काळ्या पुठ्ठ्याची ५ सेंटिमीटरची गुंडाळी नेत्रिकेला लावली, तिच्या टोकाला डोळा ठेवला, आणि सगळ्यांना दिसू लागलं.

नेम धरायची अडचणही अशीच किरकोळ वाटते आणि तासभर खाते. नळीत २ मीटरवरचा जेमतेम ६ सेंटिमीटर रुंदीचा भाग दिसतो, तोही उलटा. उजवीकडे सरकवावं तर चित्र भलतीकडेच पळतं. पाइपावर बॉलपेनची रिकामी नळी समांतर चिकटवली आणि आधी तिच्यातून पोळं साधलं की काम सोपं होतं. हात लावला की चित्र थरथरतं, कारण नळी थरथरीचंही १३ पट विशालन करते. लावून झाली की नळीला हात न लावता पाहायचं. वाळूच्या पिशवीइतका चांगला आधार आम्हाला अजून मिळालेला नाही.

उजेडासाठी मात्र आम्ही एक चूक केली. व्हरांड्यात सावली होती म्हणून आरशाने उन्हाचा कवडसा पोळ्यावर टाकला. क्षणात सगळ्या माश्या पंख उभारून उभ्या राहिल्या आणि दोन उडाल्या. कवडसा काढला, मुलांना आत नेलं, कोणाला चावल्या नाहीत. त्यानंतर थर्मोकोलचा पांढरा तक्ता बाजूला टेकवून ठेवला. त्यावरून परतणारा मंद उजेड पुरेसा झाला आणि माश्यांनी हरकत घेतली नाही. माश्यांच्या जायच्या-यायच्या वाटेत बाक ठेवायचा नाही, आणि ज्या मुलाला पूर्वी माशी चावून अंगभर सूज किंवा धाप लागली असेल त्याला व्हरांड्याच्या त्या टोकाला न्यायचंच नाही, हे दोन नियम बाईंनी पहिल्याच दिवशी घालून दिले. तिसरा नियम आमचा : नळी सूर्याच्या दिशेला एक क्षणही वळवायची नाही. कायमची दृष्टी जाते. म्हणून काम संपलं की पुढच्या टोकाला झाकण, आणि नळी बाईंच्या ताब्यात.

दिसलं काय? ही रोपालिडिया प्रजातीतली गांधीलमाशी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रजातीतल्या रोपालिडिया मार्जिनाटा या जातीचा कित्येक वर्षं अभ्यास केला आहे. माश्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन एकेकीची ओळख ठेवायची आणि ती काय करते ते तासन् तास पाहत नोंदवायचं, ही त्यांची रीत. मुलांनी रंग लावला नाही, पण पोळ्याचा नकाशा केला. वहीत सहाकोन काढायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि रोज मधल्या सुट्टीत कोणत्या घरात अळी आहे, कोणतं घर झाकणाने बंद झालंय ते लिहायचं. झाकण म्हणजे आत कोश. आठवड्याभरात मुलांनी पाहिलं की एक माशी हिरवट गोळा घेऊन येते, दुसऱ्या तो वाटून घेतात, चावतात आणि घराघरांत तोंड घालून अळ्यांना भरवतात. तो गोळा म्हणजे चावून मऊ केलेली सुरवंटाची अळी. त्या आठवड्यात शाळेच्या परसातल्या कोबीवर मुलांचं लक्ष जरा वेगळ्या कारणाने गेलं. माश्या काठीच्या कुंपणावरून लाकडाचा भुगा खरवडून, लाळेत कालवून घरांच्या भिंती वाढवतात, हेही पुढे दिसलं.

भांडण झालं ते अंड्यांवरून. काही घरांच्या तळाशी पांढरा ठिपका दिसे. निम्मा वर्ग म्हणे ते अंडं, निम्मा म्हणे थर्मोकोलच्या उजेडाची चकाकी. आम्ही आकडेमोड करून पाहिली. मिलिमीटरभराची वस्तू आमच्या नळीत ठिपका म्हणून दिसणार, पण ती लांबट आहे की गोल, भिंतीला चिकटलेली आहे की नाही, हे खोल, अंधाऱ्या घरात कळणार नाही. बाईंनी वहीत दोन रकाने पाडले : 'दिसलं' आणि 'वाटलं'. अंडी दुसऱ्या रकान्यात गेली, आणि मुलांना ते मुळीच आवडलं नाही. "आता नीट दिसेल असं काहीतरी करा," असा हुकूम घेऊन आम्ही परतलो.

दुसरं उपकरण करायला दहा मिनिटं लागली. आमच्यापैकी एकाकडे पक्षी पाहायची ८ पट विशालनाची, ३० मिलिमीटर भिंगांची जोडदुर्बीण होती. तिच्या एका बाजूच्या भिंगापुढे अधिक अर्धा नंबरचं चष्म्याचं भिंग चिकटपट्टीने लावलं. अर्ध्या डायॉप्टरच्या भिंगाचं नाभीय अंतर २ मीटर. पोळं बरोबर २ मीटरवर असेल तर त्याच्यापासून निघालेले किरण या भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात, आणि दुर्बिणीला ती वस्तू चंद्राइतकी दूर आहे असं वाटतं! दुर्बीण दूरवर लावून ठेवायची आणि आपण मागेपुढे होऊन २ मीटरचं अंतर साधायचं. विशालन ८ पट, म्हणजे पोळं २५ सेंटिमीटरवर धरल्यासारखं. आकडा आधीच्या नळीपेक्षा कमी, पण चित्र कितीतरी सरस. दुर्बिणीचं स्वतःचं वस्तुभिंग दोन वेगळ्या काचांचं, रंगदोष घालवलेलं म्हणजे अवर्णी असतं. पुढचं अर्ध्या नंबरचं भिंग दुबळं असल्यामुळे त्याचा रंगदोषही थोडा. त्यामुळे पूर्ण ३० मिलिमीटर व्यास वापरता येतो : उजेड चौपट, विवर्तनाची मर्यादा निम्मी. शिवाय चित्र सुलटं. १ मीटरवरून पाहायचं तर अधिक १ नंबरचं भिंग लावा.

एक गोष्ट मात्र बिघडते. भोक मोठं झालं की पुढेमागे स्पष्ट दिसणारी खोली कमी होते. नळीतून पोळ्याच्या पुढे-मागे दीड-दोन सेंटिमीटर एकदम स्पष्ट दिसे. आता त्याच्या निम्मंच. घराच्या तोंडाची कड स्पष्ट केली की तळ पुसट. पण इथे तोच फायदा ठरला. दुर्बीण हळूहळू आत-बाहेर केली तेव्हा पांढरे ठिपके भिंतीच्या कडेबरोबर नव्हे तर तळाबरोबर स्पष्ट होत गेले, आणि थर्मोकोलचा तक्ता हलवला तरी हलले नाहीत. चकाकी असती तर हलली असती. आकारही लांबट दिसला. अकरा अंडी 'दिसलं'च्या रकान्यात आली. तीन ठिपके तक्त्याबरोबर हलले, ते खोडले गेले.

मोडक्या जोडदुर्बिणी जुन्या बाजारात मिळतात. त्यातलं एक वस्तुभिंग काढून पहिल्या प्रकारची नळी केली तर दोन्ही पद्धतींचे गुण एकत्र येतात. अशा भिंगाचं नाभीय अंतर २० सेंटिमीटर धरलं तर १ मीटरवरच्या वस्तूची प्रतिमा २५ सेंटिमीटरवर पडते, म्हणजे नळी ५ सेंटिमीटर वाढवली की झालं. हे आम्ही पुढच्या वर्षी केलं. मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेमागच्या त्या तेजस्वी वर्तुळाच्या जागी धरला तर फोटोही येतात. मोबाइल आहे तर नळी कशाला, असं काही शिक्षक विचारतात. मोबाइलने फोटो जरूर काढावा. पण चकती बदलल्यावर रंग का गेले, हे त्याच्या बंद पेटीत दाखवता येत नाही.

मुख्याध्यापकांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. ती संपल्यावर ते स्वतः बाकावर बसून पंधरा मिनिटं पाहत होते असं बाईंनी कळवलं. पलित्याचा विषय निघाला नाही. खिडकीचं ते एक दार बंद ठेवायचं आणि वर्गाने दुसऱ्या दाराने ये-जा करायची, एवढं ठरलं.

जूनमध्ये पुन्हा गेलो तेव्हा पोळं तिथेच होतं, थोडं वाढलेलं. नळीत मात्र काही दिसेना. कपाटातल्या दमट हवेत कॅमेऱ्याच्या लेन्सला आतून बुरशीची जाळी आली होती. तेव्हा पावसाळ्याआधी भिंगं नळीतून काढून, औषधांच्या डब्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. पुड्या ओलसर झाल्या की मंद आचेच्या तव्यावर तापवून पुन्हा वापरता येतात.